मासा काहीही खातो, या समजाचा प्रतिवाद

शोभेच्या माशांच्या खाद्याविषयी आपल्या घरांतून एक मत इतक्या निश्चिंतपणे उच्चारले जाते, की त्याला काही पुरावा लागतो, ही शंकासुद्धा कोणाच्या मनास शिवत नाही. येरवड्यात गाडीतळाजवळच्या जुन्या घरांपासून नागपूर चाळीपर्यंत आणि लक्ष्मीनगरच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांपासून शास्त्रीनगरच्या नव्या इमारतींपर्यंत, जेथे जेथे भिंतीशी काचेची टाकी मांडलेली आहे, तेथे थोड्याफार फरकाने हेच ऐकावे लागते: मासा काहीही खातो. त्याला चव कळत नाही, पोट भरले की त्याचे काम झाले. दुकानातून आणलेली लाल-हिरव्या दाण्यांची एकच पुडी सर्व जातींना चालते. ती संपली तर पोळीचा कुस्करा, ब्रेडचा चुरा, बिस्किट, भाताची शिते किंवा चार कुरमुरे टाकावेत. टाकताक्षणी तो वर येतो आणि गिळतो, याहून निराळा पुरावा कशाला हवा? तो दिवसभर काचेशी येऊन तोंड उघडतो, अर्थात भुकेला असतो, आणि भुकेल्या जिवाच्या मुखी घास घालण्यात पुण्य असते. इतके करूनही तो मेला, तर वीस-तीस रुपयांचा जीव. येत्या रविवारी दुसरा आणता येतो.

ही सारी कैफियत मी तिच्या समर्थकांच्याच शब्दांत येथे उतरवली आहे, कारण तिच्यातले एकही कलम मला मान्य नाही आणि प्रत्येकाचा जबाब स्वतंत्रपणे दिला पाहिजे असे मला वाटते. या मतापायी घरोघरच्या टाक्यांतून जे मासे एका कुशीवर कलंडतात आणि दोन दिवसांनी पालथे होऊन तरंगू लागतात, ते 'रोग आला', 'पाणी लागले', 'नजर लागली' अशा सदरांखाली खर्ची पडतात. टाकीशेजारी ठेवलेल्या खाद्याच्या डबीची चौकशी कोणी करीत नाही.

चवीचे प्रथम घेऊ. माशाला चव नाही, हे विधान करणाऱ्याने आपल्या टाकीतल्या गोल्डफिशकडे पाच मिनिटे तरी स्थिर नजरेने पाहिले आहे काय? तो तळाशी उतरतो, वाटाण्याएवढा खडा तोंडात घेतो, गालांची उघडझाप करीत तो आत घोळवतो, त्यावरचे खाण्याजोगे असेल तेवढे घशाकडे सरकू देतो आणि खडा नेमका बाहेर टाकतो. ही निवड तो डोळ्यांनी करीत नाही. तोंडाच्या आतल्या मांसल तालूवर जी रुचिकलिकांची दाटी असते, तिच्या साहाय्याने करतो. मार्जारमाशांच्या, म्हणजे मिशा असलेल्या माशांच्या, तर मिशांवर आणि अंगाच्या त्वचेवरसुद्धा रुचिकलिका पसरलेल्या असतात. ज्या प्राण्याच्या सर्वांगाला चव कळते, त्याला चव कळत नाही असे म्हणणे केवळ त्याच्याकडे कधी पाहिलेच नाही म्हणून शक्य होते.

आता 'टाकले की गिळतो' या मुख्य पुराव्याकडे वळू. कारण उरलेली सारी इमारत याच पायावर उभी आहे. गिळणे ही एक क्रिया आहे, पचणे दुसरी आणि पोसणे तिसरी; पहिली घडली म्हणून उरलेल्या दोन्ही घडल्या, असे कोणत्या न्यायाने ठरते? गोल्डफिशला जठर नसते, ही गोष्ट या संबंधात किती महत्त्वाची आहे ते पाहावे. घशातल्या दातांनी भरडलेले अन्न सरळ आतड्यात उतरते. साठवून ठेवण्याची, आम्लात मुरवण्याची सोयच त्याच्या देहात नाही. म्हणून निसर्गात तो दिवसभर थोडेथोडे चरत राहतो, आणि म्हणूनच सकाळी कार्यालयास जाण्याच्या घाईत एकदम ओतलेली दिवसभराची बेगमी तो गिळतो खरी, परंतु तिचा मोठा भाग अर्धवट पचलेल्या स्थितीत तासा-दोन तासांत पाण्यात परत येतो. शिवाय त्याचा वाताशय अन्ननलिकेशी एका नळीने जोडलेला असतो. पृष्ठभागावरचे कोरडे दाणे हावरेपणाने गिळताना हवाही आत जाते, आणि बाजारात सर्वाधिक खपणारे, आखूड व फुगीर अंगाचे जे गोल्डफिश असतात, त्यांच्या दाटीवाटीच्या पोटात फुगलेले अन्न आणि हवा यांच्यामुळे अनेकदा तोल जातो. डोके खाली, शेपूट वर अशा अवस्थेत धडपडणारा मासा ज्याने पाहिला असेल, त्याला 'गिळतो म्हणजे चालते' हे वाक्य पुन्हा उच्चारता येऊ नये.

ब्रेड आणि पोळी यांचे समर्थन तर अधिकच दुबळे आहे. गव्हाच्या पिठात प्रथिने दहा-बारा टक्के, आणि त्यांतही लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी. तांदळाच्या कुरमुऱ्यांत त्याहूनही थोडी. उलट गोल्डफिशसारख्या सर्वभक्षी माशाला खाद्यात साधारण तीस टक्के आणि फायटरसारख्या मांसाहारी माशाला चाळीस टक्क्यांच्या वर प्रथिने लागतात. पिष्टमय पदार्थ पाण्यात विरघळून त्यांचे दुधाळ पाणी होते, तळाशी चिकट थर बसतो आणि त्यावर बुरशी धरते. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतःच्या देहात तयार करता येत नाही. ते खाद्यातूनच यावे लागते, आणि न आल्यास वाढत्या वयाच्या पिलांचा कणा वाकडा होतो. कुबड आलेले गप्पी आणि मोली आपण पुष्कळांनी पाहिले आहेत. कुबडाला वांशिक दोष आणि क्षयासारखे रोग हीही कारणे असतात. परंतु पिढ्यान् पिढ्या पोळीवर आणि जुनाट दाण्यांवर ठेवलेल्या टाकीत कुबड दिसले, तर पहिला संशय कशाचा घ्यावा, हे सांगावे लागू नये.

यावर एक हजरजबाबी उत्तर मिळते: शेततळ्यातल्या रोहू-कटल्यांना शेतकरी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडाच घालतो ना? मग ते किलो-दीड किलोचे कसे होतात? हा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचलेला नाही. तळ्यात पेंड-कोंडा हे जोडखाद्य असते. मूळ अन्न पाण्यातच पैदा केलेले असते; त्यासाठी शेण टाकून पाणी हिरवे करतात, त्यात सूक्ष्म वनस्पती आणि त्यांवर जगणारे सूक्ष्म प्राणी वाढतात. आणि कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही एकाच तळ्यात एकत्र सोडण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली, तिचे मर्मच मुळी असे आहे की तिघांचे अन्न निराळे: वर वळलेल्या तोंडाचा कटला पृष्ठभागालगतचे सूक्ष्म प्राणी गाळून खातो, रोहू मधल्या थरातील वनस्पतींवर राहतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. म्हणजे ज्या मत्स्यशेतीचा हवाला 'काहीही चालते' याच्या बाजूने दिला जातो, तिचा सारा हिशेब 'प्रत्येकाचे निराळे' या तत्त्वावर बांधलेला आहे. तळे राखणाऱ्या शेतकऱ्याला जे कळते, ते दिवाणखान्यात टाकी मांडणाऱ्या सुशिक्षिताला कळू नये, याचे मला अतिशय दुःख होते.

माशाने काय खावे, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेले असते, आणि हे वाचण्यास येरवड्याहून योग्य जागा फारशा नसतील. संगमाखाली मुळा-मुठा आमच्या बंडगार्डनवरून पूर्वेकडे वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई सरकारच्या नोकरीत सांख्यिकी माहिती जमविणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, आणि १८३९ मध्ये जो महाशीर जगापुढे आणला, त्याचे मूळ स्थान त्याने पुण्याच्या पूर्वेची 'मोटा मोला' नदी, अर्थात हीच मुळा-मुठा, असे लिहून ठेवले. शास्त्रीय ग्रंथांत 'टॉर खुद्री' या नावाने जगभर ओळखला जाणारा मासा आमच्या दारातल्या पाण्याचा आहे. त्याच साइक्सने पुण्याच्या उत्तरेस इंद्रायणीतून 'नुक्ता' नोंदवला: थूथनावर उंचवटा, आणि तोंड पार खालच्या अंगाला, खडकावरचे शेवाळ खरवडण्याजोगे. आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो. खडकाला चिकटून राहणाऱ्या मळ्या माशाचे तोंडही खालीच असते. या नद्यांच्या काठी पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणाऱ्यांना कोणता मासा कोणत्या आमिषाला येतो हे ठाऊक असते. महाशीराच्या गळाला जे लावतात, ते मळ्याला लावून कोणी दिवस फुकट घालवीत नाही.

हीच दृष्टी टाकीकडे वळवावी. फायटरचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वर वळलेले असते, कारण पाण्यावर पडलेले कीटक आणि पृष्ठभागालगतच्या अळ्या टिपणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. त्याला तळाशी बुडणारे दाणे घालणे म्हणजे त्याच्या शरीररचनेविरुद्ध हुकूम काढणे आहे. मोलीचे तोंड लहान, ओठ सैलसर, काचेवरचे आणि दगडावरचे शेवाळ दिवसभर टोचण्यासाठी घडलेले. तिला निव्वळ मांसल दाण्यांवर ठेवले तर तिचे आतडे, जे वनस्पतींसाठीच लांब झालेले आहे, ते बिघडते. कोरीडोरास तळाशी मिशा लावून चाचपत फिरतो. त्याच्यासाठी बुडणाऱ्या गोळ्या टाकल्या नाहीत, तर वरच्या माशांच्या झुंबडीतून त्याच्यापर्यंत घास पोहोचतच नाही आणि तो सर्वांच्या देखत उपाशी मरतो. असे असता 'सगळ्यांना एकच पुडी' हे धोरण कोणत्या आधारावर टिकते? दुकानाच्या गल्ल्याशी उभे राहून कोणी विचारले की "काका, फायटर आहे, मोली आहे आणि एक सकर आहे, कोणते खाद्य देऊ?" आणि उत्तर मिळाले की "हेच न्या, सगळे खातात," तर त्या उत्तरात दुकानदाराची सोय आहे, माशाची नाही.

सकरचा मामला तर मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. 'तो घाण खातो, टाकी साफ ठेवतो, त्याला निराळे खाद्य लागत नाही' असे सांगून हा मासा विकला जातो आणि त्याच समजुतीने विकत घेतला जातो. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतला हा जीव शेवाळ, लाकडावरचा थर आणि तळाचा सेंद्रिय चुरा खातो. दुसऱ्या माशांची विष्ठा हे त्याचे अन्न नव्हे. दोन फुटी टाकीतले शेवाळ तो आठवड्याभरात संपवतो आणि मग महिनोन् महिने, रात्री दिवे मालवल्यावर, रिकाम्या काचेवरून ओठ फिरवीत राहतो. त्याची दृष्टीस पडणारी खूण म्हणजे आत ओढलेले पोट आणि खोल गेलेले डोळे. पालक, काकडीची चकती, दुधी उकळत्या पाण्यातून काढून, शेवाळाच्या बुडणाऱ्या गोळ्या, चघळायला लाकडाचा तुकडा, आणि हे सारे रात्री: एवढी तजवीज ज्याला शक्य नाही, त्याने हा मासा आणू नये. आणि तो दीड फुटाचा होऊ लागला म्हणजे त्याला नदीत सोडून देऊ नये. परमुलखातला हा मासा आपल्या देशातल्या अनेक पाण्यांत असाच जाऊन बसला आहे, आणि त्याची किंमत आपले देशी मासे देत आहेत.

पुडीसंबंधी आणखी एक गोष्ट. मोठ्या पिंपातून सुटे मोजून दिलेले, पारदर्शक पिशवीत बांधून दारापाशी उन्हात टांगलेले दाणे स्वस्त मिळतात म्हणून आपण खुशीने आणतो. परंतु क जीवनसत्त्व हवा, उजेड आणि उष्णता यांनी नष्ट होते. माशाच्या तेलातले उपयुक्त मेद खवट होतात. आणि जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या दमट हवेत त्याच दाण्यांना डोळ्यांना न दिसणारी बुरशी धरते. बुरशीच्या विषाला मासे किती हळवे असतात, याची नोंद १९६० च्या सुमारास अमेरिकेत झाली: मत्स्यबीज केंद्रांतील ट्राउट माशांच्या यकृतात गाठींची साथ उठली आणि शोध घेता मूळ सापडले ते खाद्यातल्या बुरशी धरलेल्या सरकीच्या पेंडीत. म्हणून बांधणीची तारीख, अंतिम तारीख, घटकांच्या यादीतला पहिला घटक मत्स्यचूर्ण आहे की गव्हाचे पीठ, आणि प्रथिनांचे प्रमाण, या चार गोष्टी वाचल्याशिवाय डबी विकत घेऊ नये, लहानात लहान डबी घ्यावी आणि झाकण घट्ट लावून अंधारात ठेवावी. यात परदेशी बनावटीचा आग्रह मुळीच नाही. महाग डबीसुद्धा वर्षभर उघडी राहिली, तर तिच्यातले सत्त्व उरत नाही.

यापुढचे कलम भावनेचे आहे आणि म्हणून अधिक घातक आहे: मासा मागतो, आणि मागणाऱ्याला द्यावे. टाकीपाशी मनुष्य आला की खाद्य पडते, हे मासा थोड्याच दिवसांत शिकतो, आणि मनुष्य दिसताच काचेशी येतो. पोट भरलेले असतानाही येतो, कारण निसर्गात मिळेल तेव्हा खाऊन घेणे हाच त्याचा नियम आहे. घरातली आजी सकाळी घालते, मुले शाळेतून आल्यावर घालतात, पाहुण्यांना गंमत दाखवायची म्हणून पुन्हा घातले जाते, आणि रात्री 'बिचारे उपाशी' म्हणून कोणीतरी चौथ्यांदा. या चौघांच्या मायेचे पाण्यात काय होते, हे आकड्यांनीच सांगितले पाहिजे. खाद्यात चाळीस टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनात सोळा टक्के नायट्रोजन असतो हे ध्यानात घेतले, तर न खाल्ल्या गेलेल्या एक ग्रॅम दाण्यांतून कुजल्यावर ६४ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने सुटतो. पन्नास लिटरच्या टाकीत याचा अर्थ दर लिटरला सव्वा मिलिग्रॅमहून अधिक, आणि अमोनिया शून्य असणे हीच निरोगी टाकीची अट आहे. खाल्लेल्या अन्नातूनही सुटका नाही. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातच सोडतो. पाण्याचा सामू एक अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, आणि आपल्याकडे अनेक इमारतींत टाकीत भरले जाणारे बोअरचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर वस्तीला येण्यास महिना-दीड महिना लागतो. तो स्पंज दर रविवारी नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली पिळून धुणाऱ्यांकडे ती वस्ती कधी होतच नाही. अशा टाकीत चौथ्यांदा टाकलेली चिमूट कल्ले जाळते. या कृत्याला पुण्य म्हणावे काय?

देहू-आळंदीला इंद्रायणीच्या माशांना कुरमुरे घालण्याची परंपरा आहे, तिचा हवाला येथे हमखास दिला जातो. नदीतल्या त्या माशाला कुरमुरा नको असेल तर तो खोल पाण्यात निघून जाऊ शकतो, त्याच्याभोवती शेवाळ आहे, किडे आहेत, आणि पाणी वाहते आहे. काचेतल्या माशाला यातले काही नाही. आपण येरवड्याचे लोक ज्या तुरुंगाच्या नावाने देशभर ओळखले जातो, त्या तुरुंगातसुद्धा कैद्याचा शिधा काय व किती असावा, हे नियमावलीत वजनासकट लिहिलेले असते. वॉर्डरच्या दयेवर किंवा त्याच्या विसरभोळेपणावर तो सोपवलेला नसतो. ज्याला आपण कोंडले, त्याच्या अन्नाची निवड करण्याचा अधिकारही आपण हिरावून घेतला, आणि त्या अधिकाराबरोबर जाणण्याची जबाबदारी आली, हे तत्त्व सरकारला कळते. मग टाकीच्या मालकाने ते नाकारण्याचे कारण काय?

मात्रेचा नियम साधा आहे: दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, घरातल्या एकाच माणसाच्या हातून, गोल्डफिशला तेवढेच तीन-चार वेळांत विभागून, आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना काही नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा हीटर नसलेल्या टाकीचे पाणीही वीसच्या जवळ येते. माशाच्या देहाचे तापमान पाण्याचेच असल्यामुळे पचन मंदावते, आणि त्या दिवसांत मात्रा कमी केलीच पाहिजे. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खी डबी देऊन जाणे ही तर मोठीच चूक होय. निरोगी, वाढ झालेले मासे चार-पाच दिवस सहज उपाशी राहतात; त्याहून अधिक मुक्काम असेल तर रोजची मात्रा कागदाच्या लहान पुड्यांत बांधून, त्यांवर वार लिहून ठेवावा.

आता जे लोक स्वतःला जाणते समजतात आणि 'दाणे वगैरे कृत्रिम, आम्ही नैसर्गिक जिवंत खाद्यच घालतो' असे सांगतात, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. त्यांचे जिवंत खाद्य म्हणजे बहुतेक वेळा ट्यूबिफेक्स: लालभडक, केसासारख्या बारीक किड्यांचा वळवळता गोळा, वाटीत पाणी घालून दुकानात ठेवलेला. हा किडा लाल असतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे, आणि त्यामुळेच जेथे प्राणवायू जवळजवळ संपला आहे अशा गाळात तो डोके खुपसून, शेपटी हलवीत जगू शकतो. असा गाळ कोठे सापडतो? मैलापाण्याच्या नाल्यांत, आणि शहराने ज्यांच्या गळ्यात आपले सांडपाणी बांधले त्या नद्यांत. ज्या मुळा-मुठेतून साइक्सने महाशीर नोंदवला, तिच्या येरवड्यालगतच्या पात्रातून उन्हाळ्यात काय वास येतो, हे पुलावरून जाणाऱ्या कोणालाही विचारावे. जेथे महाशीर राहात नाही तेथे ट्यूबिफेक्स वाढतो; आणि त्या गाळातले जड धातू व रोगजंतू अंगात वागवणारा किडा धुऊन टाकीत सोडणे, याला नैसर्गिक म्हणणे म्हणजे निसर्गाच्या नावाने गटाराची भलामण करणे आहे. जिवंत खाद्याचे महत्त्व मला पूर्णतः मान्य आहे. पिलांना तर त्याची बरोबरी करणारे दुसरे काही नाही. परंतु ते घरी सिद्ध करता येते: आर्टेमियाची अंडी मीठ घातलेल्या पाण्यात हवा सोडून सुमारे दिवसाभरात फुटतात, आणि डाफ्निया हिरव्या पाण्याच्या बादलीत वाढतो. डासांच्या अळ्याही उत्तम; फक्त त्यांच्यासाठी गच्चीवर पाणी साठवणे हा शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे आणि महापालिकेच्या नोटिशीस पात्र आहे.

'गप्पी तर गटारातही जगतात,' हा शेवटचा किल्ला. जगतात, हे खरे. १९०८ मध्ये गप्पी आणि १९२८ मध्ये गंबुसिया या देशात आणले गेले ते डासांच्या अळ्या खातात म्हणूनच, आणि आजही त्याच कामासाठी ते विहिरी-हौदांत सोडले जातात. परंतु गटारातला गप्पी दिवसभर अळ्या, शेवाळ, सूक्ष्म जीव टिपत असतो; त्याला तेथे पोळी कोणी घालीत नाही. म्हणजे गटारातल्या गप्पीचा आहार आपल्या टाकीतल्या गप्पीच्या आहाराहून उत्तम आहे, एवढेच या दाखल्याने सिद्ध होते.

वास्तूच्या समजुतीने फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवाना पाळणारे, आणि हौसेने ऑस्कर पाळणारे, त्यांच्यापुढे जिवंत लहान गोल्डफिश सोडून तमाशा पाहतात. त्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण लिहिताना हात आवरत नाही. गोल्डफिशच्या देहात ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. त्याच्यावरच पोसलेला मांसाहारी मासा कालांतराने त्या जीवनसत्त्वाच्या अभावाने आजारी पडतो, आणि दाटीच्या टाक्यांतून आणलेल्या या स्वस्त भक्ष्याबरोबर परोपजीवीही फुकट येतात. कोलंबी, माशाचे तुकडे, मांसाहारी माशांसाठीचे मोठे दाणे यांवर हे मासे उत्तम राहतात. घरात लक्ष्मी यावी म्हणून दुसऱ्या जिवाला रोज फाडून खायला लावण्याची गरज नाही.

आणि आता त्या वीस-तीस रुपयांच्या जिवाकडे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने 'प्राणी' या शब्दात मनुष्याखेरीज प्रत्येक जिवंत जीव धरला आहे, आणि मालकाने पुरेसे अन्न न देणे हा कलम ११ खाली गुन्हा ठरवला आहे. तेथे किमतीची अट नाही. 'मासे मरतातच' असे जे सांगितले जाते, त्याचीही रुजवात करून पाहावी. नीट राखलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमधला 'टिश' नावाचा एक गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. आपल्या घरांतून तो सहा महिन्यांत जातो, तर उरलेली वर्षे कोणी घेतली?

ती आपण घेतली आहेत, आणि चिमटीचिमटीने घेतली आहेत. म्हणून 'मासा काहीही खातो' असे यापुढे ज्याला म्हणायचे असेल, त्याने आधी आपल्या टाकीतल्या प्रत्येक माशाचे नाव सांगावे, त्याचे तोंड वर आहे की खाली ते सांगावे, तो दिवसा खातो की रात्री, त्याला मांस हवे की पाला, आणि त्याच्यापुढे टाकलेला शेवटचा दाणा किती मिनिटांनी संपला, ते सांगावे. हे सांगता आले तर तो मनुष्य ते वाक्य उच्चारणारच नाही. आणि सांगता आले नाही, तर त्याने डबी खाली ठेवावी, खुर्ची ओढून टाकीसमोर बसावे, आणि त्यातला एकेक मासा काय टिपतो नि काय थुंकतो ते आज संध्याकाळीच पाहायला लागावे.